सहाची बॅच बारा महिने सहाची नसते

«ताई, मी जुळे सोलापूरला राहते, वय 44, शाळेत शिक्षिका आहे. तीन वर्षांपूर्वी मुलीला पोहायला घालायला म्हणून गेले आणि तिच्याबरोबर मीही उन्हाळ्याच्या लेडीज बॅचला नाव नोंदवलं. गुडघे कुरकुरायला लागले होते, डॉक्टरांनी पोहणं चांगलं म्हणून सांगितलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात पोहायला आलं. आता न थांबता चार-पाच फेऱ्या मारते. पण दर वर्षी एकच गोष्ट होते. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाची बॅच एकही दिवस चुकत नाही. जून लागला की खाडे सुरू. पावसात कुठे जायचं, मग गणपती, नवरात्र, दिवाळी, मग थंडी. पाडवा झाला की पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा दम लागतो, पुन्हा खांदे दुखतात. या वर्षी मुद्दाम जूनमध्ये तीन महिन्यांचे पैसे भरले, तर ऑगस्ट लागेपर्यंत फक्त सहा वेळा गेले. घरात म्हणतात, तुझं पोहणं म्हणजे उन्हाळ्यातला आंबा. मलाही वाटायला लागलंय की माझ्यात चिकाटीच नाही. 11 वर्षं कोजागिरीला तुळजापूरला चालत जाते, पण गेल्या वर्षी तामलवाडीच्या पुढे गुडघ्यांनी साथ सोडली आणि टेम्पोत बसावं लागलं. ते मनाला फार लागलं. बारा महिने पोहण्याची इच्छा टिकवायची कशी?»

ताई,

तुमच्या पत्रात दोन ओळी एकमेकींना खेटून आल्या आहेत. एक, माझ्यात चिकाटीच नाही. दुसरी, 11 वर्षं कोजागिरीला तुळजापूरला चालत जाते. सोलापूर ते तुळजापूर 45 किलोमीटर आहे. दिवसभर शाळेत उभं राहायचं, घरचं आवरायचं, मग रस्त्याला लागायचं आणि देवीच्या पायाशी पोचायचं, हे एकदा हौसेने होतं. 11 वेळा नुसत्या हौसेने होत नाही. तेव्हा चिकाटीचा विषय इथेच मिटवू, आणि आंबा म्हणणाऱ्या घरच्यांनाही हे वाचून दाखवा.

मी विचार करत बसले तो वेगळ्याच गोष्टीचा. कोजागिरीला तुमचे पाय घरातून निघतात कसे? त्या वेळी रूपाभवानीच्या देवळापासून पुढे सगळा रस्ता माणसांनी भरलेला असतो. कुणी चहा देतं, कुणी केळी देतं, कुणी अनोळखी बाई पाठीवर हात ठेवून 'चला मावशी, आता थोडंच राहिलं' म्हणते. तिथी ठरलेली असते, ती कुणी पुढे ढकलत नाही. जायचं का नाही हा प्रश्न घरात निघतच नाही. निघतो तो फक्त पाण्याची बाटली कुठली न्यायची आणि गुडघ्याची पट्टी कुठे ठेवली आहे, एवढाच.

एप्रिल-मेमधला तलाव अगदी तसाच असतो. शाळांना सुट्टी, मुलं पाण्यात, आया काठावर, निम्म्या आया पाण्यात. सहा वाजता फाटकाशी गर्दी. तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं, 'काय हो मॅडम, बरं नव्हतं का?' जूनमध्ये शाळा उघडतात आणि ही सगळी जत्रा एका आठवड्यात उठते. मग तुम्ही जाता तेव्हा आभाळ भरलेलं, पाणी राखाडी, लांब टोकाला खुर्चीवर जीवरक्षक आणि पाण्यात तुम्ही एकट्या. तुम्ही लिहिलंय की पावसामुळे सुटतं. मला वाटतं, पाऊस नंतर येतो, त्याआधी सोबत गेलेली असते.

म्हणून सगळ्यात आधी दोन बायका शोधा. दहा नकोत, दहा जणींची बॅच दहा कारणांनी मोडते. दोन पुरे. उन्हाळ्याच्या बॅचमधल्या कुणाचे तरी नंबर तुमच्याकडे असतीलच. शाळेतल्या एखाद्या सहकारी बाईंनाही विचारा, पोहता येत नसलं तरी चालेल, उथळ भागात शिकतील. आणि वार ठरवा. रोज जायचं हे एप्रिलपुरतं ठेवा. उरलेल्या वर्षात आठवड्यातले दोनच वार, एक रविवार आणि एक मधला. मधला मंगळवार घ्या, तो देवीचा वार, तुम्हाला वेगळा लक्षात ठेवायला नको. 'वेळ मिळेल तेव्हा जाईन' असं म्हणणाऱ्यांना वेळ मिळालेला मी पाहिलेला नाही. मंगळवारी जाणाऱ्या बाया मात्र वर्षानुवर्षं जाताना पाहिल्या आहेत.

आता पावसाबद्दल. आपण सोलापूरकर पावसाळ्याची कल्पना पुण्या-मुंबईच्या बातम्या बघून करतो. आपला पाऊस वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला एकट्या जुलैत याच्या दुपटीहून जास्त पडतो. आपल्याकडे जून-जुलै म्हणजे वारा, ढग आणि अधूनमधून भुरभुर. खरा जोर सप्टेंबरात, आणि तोही बहुतेक वेळा दुपारनंतर किंवा संध्याकाळी, गडगडाटासह. सकाळ पुष्कळदा मोकळी मिळते. माझ्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर मी पोहायला गेल्याच्या दिवशी निळं टिंब देते. एका वर्षी पावसाने चुकलेल्या सकाळी लाल करायच्या ठरवल्या. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत लाल टिंबं पाचच्या वर गेली नाहीत. त्या आधीच्या वर्षी मी 'पावसामुळे' दोन महिने घरी बसले होते. तुम्हीही या महिन्यात एवढंच करून बघा, पहाटे खिडकी उघडून प्रत्यक्ष पाऊस पडतोय का ते पाहा. आभाळ भरलंय म्हणजे पाऊस पडतोय असं नव्हे.

पावसाळ्यातलं पाणी मला तर उन्हाळ्यापेक्षा आवडतं. मे महिन्यात तलावावर जो उग्र वास येतो आणि डोळे चुरचुरतात, त्याला आपण क्लोरीन जास्त झालं म्हणतो. खरं तर क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळून जे तयार होतं त्याचा तो वास असतो. शंभर मुलं पाण्यात असली की तो येणारच. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी नसते, पाणी बरंच निवळ असतं. (तरीही उतरण्याआधी अंगावर पाणी घेऊन स्वच्छ आंघोळ करायचीच. 25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात पावणेपाच लाख लिटरच्या घरात पाणी मावतं. ते रोज बदलत नाहीत, गाळून पुन्हा तेच वापरतात. आपल्या गावात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा या पाण्याचा मान राखणं आपल्या हातात आहे.) फक्त जोराचा पाऊस होऊन गेला की दुसऱ्या दिवशी काठावर उभं राहून तळ दिसतो का ते बघा. खोल बाजूच्या तळाच्या रेघा स्पष्ट दिसत नसतील तर उतरायचं नाही, तसंच परत यायचं. गढूळ पाण्यात बुडणारा माणूस जीवरक्षकालाही दिसत नाही. आणि आभाळ गडगडलं की तत्काळ बाहेर. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास गेल्याशिवाय पुन्हा पाण्यात जायचं नाही. सप्टेंबरच्या संध्याकाळी हे हमखास होतं, म्हणून त्या महिन्यात संध्याकाळची वेळ घेऊच नका.

ढगाळ महिन्यांचा आणखी एक फायदा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. आपले बरेच तलाव उघडे. एप्रिलमध्ये आठ वाजता पाठीवर पोहायला गेलं तर ऊन थेट डोळ्यात येतं, गॉगल असूनही डोळे मिटावे लागतात आणि माणूस वाकडा जाऊन कडेला धडकतो. ऑगस्टमध्ये आभाळ म्हणजे वर टाकलेला मांडवच. बॅकस्ट्रोक शिकायचा तर आत्ता. तुम्ही पत्रात किती फेऱ्या मारता ते लिहिलंत, काय शिकताय ते लिहिलं नाहीत. मला वाटतं, तुमच्या कंटाळ्याचं एक मूळ इथे आहे. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तुम्ही पोहणं औषधासारखं घेता, आणि बरं वाटायला लागलं की औषध कुणीही विसरतं. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरले, आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. तुम्हाला पदकासाठी पाण्यात लोटण्याचा माझा विचार नाही. पण उपचार म्हणून धरलेली गोष्ट त्यांनी पुढे आपली केली, तेवढं तुम्हालाही करता येईल. प्रत्येक ऋतूला एक नवी गोष्ट धरा. पावसाळ्यात पाठीवरचं पोहणं. थंडीत श्वास, म्हणजे दर तिसऱ्या हाताला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे श्वास घ्यायची सवय. उन्हाळ्यात लांब अंतर. म्हणजे ऋतू बदलला की नवा धडा सुरू होईल. शिक्षिकेला हे मी जास्त काय सांगू.

तुमच्या गुडघ्यांमुळेही मी बॅकस्ट्रोकवर भर देतेय. बऱ्याच बायका शिकताना आधी बेडकासारखे पाय मारायला शिकतात, तोच ब्रेस्टस्ट्रोक. त्यात पाय बाहेर फेकून मिटताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात त्यांचं दुखणं याने वाढू शकतं. तुम्ही हाच प्रकार करत असाल तर काही महिने तो कमी करा. पाठीवर किंवा फ्रीस्टाइलमध्ये पाय मांडीच्या मुळापासून, सैल, लहान लहान मारायचे. गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे पाय मारू नका. डॉक्टरांना पुढच्या वेळी मुद्दाम विचारा, कुठला प्रकार चालेल म्हणून.

आता सकाळी सहाबद्दल. मला वाटतं, तुम्हाला सगळ्यात जास्त यानेच दमवलंय. घरात दाते पंचांग असेलच, आपल्याच गावातून निघणारं. त्यातला सूर्योदयाचा रकाना बघा. सोलापुरात मे अखेरीला सूर्य पाच-पन्नासच्या आसपास उगवतो. जानेवारीच्या मध्याला सातला. म्हणजे मे महिन्यात तुम्ही सहाला पाण्यात उतरता तेव्हा उजाडलेलं असतं, आणि जानेवारीत सहाला उतरायचं तर पूर्ण अंधारात, रात्रीच उतरावं लागेल. घड्याळात सहा तेच, पण अंगाला ती वेळ एक तास दहा मिनिटांनी वेगळी लागते. तुम्ही दर हिवाळ्यात मे महिन्याचं वेळापत्रक पाळायला बघता आणि ते मोडलं की स्वतःला बोल लावता. आपल्याकडे शेतकरी पेरणीची वेळ ऋतूप्रमाणे धरतो, आपण पोहण्याची का धरू नये? दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत रविवारी सकाळी नऊ-साडेनऊची वेळ घ्या. मंगळवारी शाळा सुटल्यावर थेट चार-साडेचारला जा. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो, त्यामुळे त्याहून उशीर नको. दिवसभर ऊन खाऊन उघड्या तलावाचं पाणी दुपारनंतरच सगळ्यात कोमट असतं, हा त्यातला फायदा. तलावावर त्या वेळेला बायकांना प्रवेश आहे का ते आधी विचारून घ्या. नसेल तर चार-पाच जणींनी मिळून अर्ज द्या. दिवाळीनंतर तलाव रिकामा असतो, तेव्हा व्यवस्थापकांनाही माणसं हवी असतात.

थंडीबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेकांचं पोहणं तिथेच कायमचं सुटतं.

आपली थंडी म्हणजे काही हिमालय नव्हे. पहाटे पारा पंधराच्या आसपास, एखाद्या वर्षी आणखी दोन-चार अंश खाली. पण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटींनी जास्त वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. म्हणून ज्या तापमानाची हवा सुखद वाटते त्याच तापमानाचं पाणी गार लागतं. मोठ्या स्पर्धांसाठी तलावाचं पाणी 25 ते 28 अंशांमध्ये ठेवतात. आपल्या उघड्या तलावाला तशी सोय नसते, तो ऋतूबरोबर निवतो. ही तुमच्या मनाची कमजोरी समजू नका, शरीर बरोबर तेच सांगत असतं.

गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुमाराच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांतली एक सकाळ सांगते. यात्रेतला अक्षता सोहळा होऊन दोन दिवस झाले होते. मी साडेसातला गेले, तर पाण्यावरून वाफ निघत होती. हवा पाण्यापेक्षा गार झाली की तशी निघते. जीवरक्षक कानटोपी घालून बसला होता. म्हणाला, 'मॅडम, लई गार हाय की आज, उतरणार का?' मी पायरीवर बसले. आधी घोट्यापर्यंत पाय सोडले. मग ओंजळीने हात, मान, मानेचा मागचा भाग ओला केला, शेवटी चेहरा. पाण्यात तोंड घालून हळूहळू बुडबुडे सोडत श्वास बाहेर टाकला, पाच-सहा वेळा. छाती आवळल्यासारखी होत होती ती सैल झाली. मग काठ धरून खांद्यापर्यंत आत. पहिल्या फेरीत श्वास तुटत होता, बोटं ताठ होती, मधेच कशाला आलो असं वाटलं. दुसऱ्या फेरीत हात नीट पडायला लागले. तिसऱ्या फेरीला वळले तेव्हा पूर्वेची भिंत उजळली होती आणि गार वाटायचं थांबलं होतं. वीस मिनिटांत बाहेर आले. त्या दिवशी घरी येऊन दीड कडक भाकरी शेंगदाण्याच्या चटणीशी खाल्ली, इतकी भूक लागली होती.

हे सगळं सांगितलं ते त्या पहिल्या पाच मिनिटांसाठी. गार पाण्यात एकदम उडी मारली की शरीर आपोआप मोठा श्वास ओढतं, तो आपल्या हातात नसतो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत जातं. म्हणून थंडीत सूर मारायचा नाही, पायऱ्यांनीच उतरायचं. हा झटका दोन-तीन मिनिटांत ओसरतो. 'मला थंडीत जमत नाही' म्हणणाऱ्या बहुतेक जणी नेमक्या त्या दोन मिनिटांतच परत फिरलेल्या असतात. तेव्हा थंडीत ध्येय एकच ठेवा, तिसरी फेरी. तिसऱ्या फेरीनंतरही नको वाटलं तर खुशाल बाहेर या आणि दिनदर्शिकेवर टिंब द्या, तो दिवस पुरा धरायचा. ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी थंडीआधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गार पाण्यात जाऊ नये. हे तुमच्या सोबत येणाऱ्या दोघींनाही सांगा.

बाहेर आल्यावर बायका ओल्या कॉस्च्युमवर टॉवेल गुंडाळून गप्पा मारत उभ्या राहतात, हातात चहाचा कप. हुडहुडी भरते ती यानेच. आधी ओले कपडे उतरवायचे, डोकं खसखसून पुसायचं, कोरडं घालायचं, कानाला रुमाल बांधायचा, मग चहा.

टॉवेलवरून आठवलं. हसू नका, पण माझे एका पावसाळ्यातले कितीतरी खाडे टॉवेलमुळे पडले होते. घरात आपल्या सोलापूरचा जाड टर्किश टॉवेल, उन्हाळ्यात दोन तासांत वाळणारा. जुलैत तो दोरीवर दोन दिवस ओलाच. मंगळवारी पहाटे पिशवी उघडली की कुबट वास, कॉस्च्युम गार आणि चिकट, आणि हात आपोआप पिशवीची चेन लावून टाकायचा. मला वाटायचं, माझा उत्साह गेला. मग मी पावसाळ्यासाठी एक पातळ सुती पंचा वेगळा काढला, तो पंख्याखाली रात्रीत वाळतो, आणि दुसरा कॉस्च्युम घेतला. पिशवी आदल्या रात्रीच भरून दाराजवळ, चपलांच्या शेजारी ठेवायला लागले. एवढ्याने खाडे निम्म्यावर आले. तुमच्या पिशवीत हात घालून बघा, तुम्हाला अडवणारी अशी एखादी बारीक गोष्ट तिथेच सापडेल. कुणाला केस वाळत नाहीत म्हणून शाळेला उशीर होतो, तर टोपी घालायच्या आधी केस साध्या पाण्याने भिजवून थोडं खोबरेल लावलं तर तलावाचं पाणी केसात कमी मुरतं आणि धुवायला वेळ लागत नाही. कुणाचे कान पावसाळ्यात खाजतात. ओलाव्याने कानात बुरशी धरते. डोकं एका बाजूला कलवून पाणी निथळू द्यायचं, पंच्याच्या टोकाने बाहेरूनच टिपायचं. काडी, पिन, बड, गरम तेल यातलं काहीही कानात घालायचं नाही. ठणका लागला किंवा पाणी यायला लागलं तर पोहणं थांबवून कानाच्या डॉक्टरांकडे.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते आणि ती कुणी मोकळेपणाने बोलत नाही. पाळीचे चार दिवस. खाडा खरं तर चार दिवसांचा, पण त्याला पुढचे चार दिवस आपोआप जोडले जातात आणि तिथून महिना सुटतो. मासिक पाळीचा कप किंवा टॅम्पॉन वापरून अनेक जणी पोहतात, त्यात काही वावगं नाही. ते नको असेल तर ते दिवस आधीच दिनदर्शिकेवर सुट्टी म्हणून लिहा आणि परत जायची तारीखही त्याच वेळी लिहून टाका. सुट्टी संपायची तारीख लिहिलेली असली की ती संपते.

उन्हाळ्याबद्दल तुम्हाला सांगायची गरज नाही, एकच गोष्ट सोडून. पारा 42-43 वर असताना पाण्यात असलो तरी घाम येतच असतो, फक्त तो जाणवत नाही आणि तहानही लागत नाही. काठावर पाण्याची बाटली ठेवा आणि दर चार फेऱ्यांना दोन घोट घ्या. मे महिन्यात पोहून आल्यावर डोकं दुखतं म्हणणाऱ्यांनी आधी हे करून बघावं.

तलावच बंद असला तर? दुरुस्ती निघते, पाण्याची टंचाई येते, आपल्याकडे हे होणार. अशा वेळी हिप्परग्याच्या किंवा गावाबाहेरच्या कुठल्याही तलावात, ओळखीच्या शेतातल्या विहिरीत एकटीने उतरायचा मोह करू नका. मी लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीतच शिकले, विहिरीचं प्रेम मला कुणी शिकवायला नको. पण तिथे काठावर चार माणसं दोर घेऊन उभी असायची. तलाव बंद असेल त्या मंगळवारी आणि रविवारी त्याच वेळेला, त्याच दोघींबरोबर, दुसरं काहीतरी करा. हाच पंचा दोन्ही हातांत ताणून डोक्यावरून मागे-पुढे नेण्याचे वीस-तीस फेरे, थोडी जमिनीवरची पाठ-पोटाची आसनं, सपाट रस्त्यावर चालणं. वार मोडू देऊ नका. पाणी पुन्हा भरलं की परत जाणं सोपं पडतं.

आणि खाडा पडलाच, पडणारच, तर परतताना जुना आकडा डोक्यातून काढून टाका. तुमचे खांदे दर एप्रिलला दुखतात याचं कारण हेच असावं. मेमध्ये जिथे सोडलं तिथून तुम्ही एप्रिलमध्ये सुरू करता. दोन आठवड्यांचा खंड असेल तर निम्म्या फेऱ्यांपासून सुरू करा. दोन-तीन महिन्यांचा असेल तर पहिले चार दिवस एक फेरी, थांबा, एक फेरी, एवढंच. घरातल्या एका आजारपणात माझं पोहणं जवळजवळ दीड वर्ष बंद होतं. परत गेले त्या दिवशी एकच फेरी मारली आणि काठाला धरून उभी राहिले, डोळ्यांत पाणी आलं, दुःखाचं नव्हे, पाणी मला विसरलं नव्हतं म्हणून. त्या दिवशीचं निळं टिंब अजून मला सगळ्यात मोठं वाटतं.

आता ऑगस्ट आहे. भरलेल्या पैशातला महिना अजून शिल्लक आहे, आणि कोजागिरीला दोन महिने आहेत. येत्या मंगळवारी जा. पोहण्याआधी दहा मिनिटं छातीपर्यंतच्या पाण्यात नुसतं चाला, पुढे, मागे, आडवं. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर निम्माच भार येतो, छातीपर्यंत गेलं की तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. रस्त्यावर दुखणारा गुडघा तिथे पुष्कळदा दुखत नाही, आणि मांडीचे स्नायू मात्र पाणी कापून कापून भक्कम होतात. गुडघ्याला खरा आधार त्या स्नायूंचाच. दर आठवड्याला दोन-दोन मिनिटं वाढवा. नवरात्र बसेपर्यंत वीस मिनिटं झाली पाहिजेत. नवरात्रात उपवास असतील तर त्या दिवसांत फेऱ्या कमी करा, पाण्यात चालणं चालू ठेवा, आणि रिकाम्या पोटी जाऊ नका, केळं खाऊन जा.

यंदा तामलवाडीच्या पुढे गेलात की मला कळवा. नाही जमलं आणि टेम्पोत बसावं लागलं, तरी कळवा. तुळजापूरहून परत आल्यावर दोन दिवस पाय उशीवर ठेवून विश्रांती घ्या, आणि पुढचा जो मंगळवार येईल त्या दिवशी पोहायचं नाही, नुसतं उथळ भागात उतरून कठडा धरायचा आणि पाय सैल सोडून द्यायचे. त्या दोघींनाही बरोबर न्या, त्याही चालून आलेल्या असतील.